बोईसरहून सोपाऱ्याला

दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस धाकट्या बहिणीकडे बोईसरला जाऊन आले. वाचक भगिनी म्हणतील, बोईसरला काय पाहायला जायचे? तिथे कारखाने, धूर आणि वास. खरे आहे. विरारला डहाणूची गाडी पकडली, वैतरणेचा पूल ओलांडला, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी अशी स्टेशने मागे पडली, की बोईसर यायच्या आधी त्याचा वास येतो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या रसायनांचा तो वास नव्या माणसाच्या घशाला लागतो. तिथल्यांना तो कळतसुद्धा नाही. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत गेली आणि २०१४च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून गर्दी मात्र दुप्पट वाटते.

बहिणीचे घर दोन खोल्यांचे. भावजी औषधाचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कंपनीत पाळीवर जातात. चाळीत कोणी रत्नागिरीचे, कोणी बुलढाण्याचे, कोणी बीडचे. पोटासाठी आलेली आपलीच माणसे. बहिणीच्या सासूबाईंचे माहेर माजलगावकडचे. घरात सगळे त्यांना आजी म्हणतात, म्हणून मीही आजीच म्हणते. भाची बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. इतिहास घेतला आहे आणि यंदा तिला स्थानिक इतिहासावर प्रकल्प करायचा आहे. "मावशी, बोईसरला कसला आलाय इतिहास?" असे तिने मला फोनवर विचारले होते. त्याचे उत्तर मला देता आले नाही. चार दिवसांत तिनेच मला ते दिले, आणि तेही हातातल्या मोबाईलवर.

पहिल्या रात्री जेवणे झाली. भाची आजीच्या जवळ सरकली आणि म्हणाली, "आजी, हे ऐक." मोबाईलमधून एका बाईचा आवाज आला. जात्यावरची ओवी, बाबासाहेबांवरची. आजी पुढे झुकल्या. दोन ओव्या झाल्यावर त्या म्हणाल्या, "ही तर आमच्या माजलगावची बाई हाय की! बोलीवरनं वळखते मी." भाचीने नाव वाचून दाखवले. बाई खरोखर माजलगावच्या भीमनगरातली होती. आजींनी तिला कधी पाहिले नव्हते, पण चाल तीच, सूर तोच.

या ओव्या आल्या कुठून, हे मी भाचीकडून समजून घेतले. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन या दोघांनी १९८०च्या दशकात पुण्याकडून हे काम सुरू केले. खेड्यापाड्यांत जाऊन, बायांच्या शेजारी बसून, एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी लिहून घेतल्या. पुढे १९९०च्या दशकात हजारो ओव्या ध्वनिमुद्रितही झाल्या. आता पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेल्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या कोणालाही फुकट ऐकता येतात. बाईचे नाव, गाव, ओवीचे शब्द, सगळे शेजारी लिहिलेले असते. जात्यावर दळणाऱ्या बाईला विद्वान म्हणून कोणी विचारले नव्हते. तिचे नाव आता त्या संग्रहात ग्रंथकाराच्या जागी आहे.

आजींनी त्या रात्री तीच ओवी पाच वेळा ऐकली. भावजींना पहिल्या पाळीला जायचे होते. ते चादर डोक्यावर घेऊन झोपले.

मला माझा एक जुना अनुभव आठवला. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका जुन्या मासिकाचा अंक पाहायला मी मुंबईतल्या एका मोठ्या ग्रंथालयात गेले होते. "कोणत्या संस्थेचं पत्र आणलंय?" असे तिथल्या माणसाने विचारले. मी म्हटले, मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे, मला फक्त वाचायचे आहे. त्याने मान हलवली. पत्र नाही तर अंक नाही. त्या दिवशी पायऱ्या उतरताना जे वाटले ते आपल्या समाजाला नवे नाही. पाणी समोर असते, पण घ्यायचे नसते.

दुसऱ्या दिवशी भाचीने मला चिंचणीला नेले. बोईसरहून टमटमने तारापूरला जायचे. खाडीच्या एका बाजूला तारापूर, दुसऱ्या बाजूला चिंचणी. तारापूरचा पोर्तुगीज किल्ला १७३९ साली मराठ्यांनी घेतला, हे शाळेत शिकवलेले मला आठवत होते. भाचीच्या डोक्यात मात्र दुसरेच होते. समुद्राकाठी सुरूच्या झाडांखाली बसून तिने मोबाईलवर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक उघडले. पुरातत्त्व खात्याच्या 'एपिग्राफिया इंडिका'चा तो ३२वा खंड. चिंचणीत १९५०च्या दशकात राष्ट्रकूट काळातले आणि त्यानंतरचे ताम्रपट सापडले. दिनेशचंद्र सरकार या पंडितांनी ते वाचून या खंडात छापले. आता सगळा खंड, ताम्रपटांच्या छायाचित्रांसह, इंटरनेट आर्काइव्ह या संग्रहात पडून आहे. ज्याला हवा त्याने उतरवून घ्यावा.

त्यातला सर्वांत जुना ताम्रपट शके ८४८चा, म्हणजे इसवी सन ९२६चा. त्या वेळी या किनाऱ्यावर राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वतीने कारभार पाहणारा माणूस अरब होता. त्याचे नाव ताम्रपटात 'मधुमती' असे आले आहे, म्हणजे मुहम्मद. संजाण हे त्याचे ठाणे. त्याच्याच संमतीने एका ब्राह्मणाने बांधलेल्या मठाला जमीन मिळाली. आणि या मुहम्मदाने काय केले, तर नदीच्या दोन तरींवर लोकांना फुकट पार होण्याची सोय केली आणि भात, कालवण, तूप असे जेवण फुकट मिळेल असे अन्नछत्र घातले. हजार वर्षांपूर्वी! आज टीव्हीवर रोज जे कानावर येते ते ऐकणाऱ्याला हा ताम्रपट दाखवला पाहिजे, असे मला तिथे बसल्या बसल्या वाटून गेले.

भाची म्हणाली, "मावशी, ही फुकट तर इथली पहिली नाही." आणि तिने आठवा खंड उघडला. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यातला, आपण ज्याला पांडवलेणी म्हणतो तिथल्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यातला शिलालेख. क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी तो कोरवला. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्याने नावा ठेवून फुकट तर चालवली. दाहनुका म्हणजे आपली डहाणूची नदी. सोपाऱ्याला त्याने प्रवाशांसाठी चौसोपी धर्मशाळा बांधली, असेही त्याच लेखात आहे. ब्राह्मणांना त्याने पुष्कळ दाने दिली, तीही मोजून लिहिली आहेत, आणि लेणे मात्र भिक्खुसंघाला दिले. माणूस दोन्हीकडे पाय ठेवून होता. पण डहाणूला नावाड्याच्या हातावर पैसा न ठेवता पलीकडे जाणारी बाई मला त्या वेळी डोळ्यांपुढे दिसली.

समोर दक्षिणेला अणुवीज केंद्र दिसत होते. १९६९ साली ते सुरू झाले. पुढे तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठली. त्याच नावांनी दुसरीकडे वसली खरी, पण जुन्या गावातली विहीर, देवळाची पायरी, शाळेचा दाखला, नाव ओढायची जागा, यांतले काय कोणी लिहून ठेवले? ताम्रपट तांब्याचा म्हणून हजार वर्षे टिकला. गावाच्या शाळेचे रजिस्टर कागदाचे असते. भाचीचा प्रकल्प याच्यावरच करावा असे मी तिला सुचवले. ती म्हणाली, "आधी घरचं बघू."

घरचे म्हणजे आजोबांची पेटी.

बहिणीच्या सासऱ्यांना जाऊन आठ वर्षे झाली. बोईसरला आल्यावर चाळीतल्या विहारासाठी वर्गणी गोळा करणारे ते पहिले. गाणीही करत. त्यांची पत्र्याची पेटी माळ्यावर होती. दोन पावसाळ्यांपूर्वी छप्पर गळले आणि पेटीत पाणी शिरले. वर्गणीची वही, विहाराच्या बैठकांची वही, पावत्यांचे गठ्ठे, सहा डिसेंबरला दादरला जाऊन आणलेल्या पुस्तिका आणि गाण्यांची एक लांबट वही. पुस्तिकांना वाळवी लागली होती. गाण्यांच्या वहीची पाने कडेला चिकटली होती आणि जांभळी शाई पसरली होती. आणखी एक पावसाळा ती काढेल असे मला वाटले नाही.

भाचीने कामाची पद्धत आधीच ठरवली होती. दारात सकाळचा उजेड येतो तिथे पांढरी चादर अंथरली. डाव्या-उजव्या बाजूला डब्यांचे दोन सारखे थर रचले, त्यांवर काच ठेवली, काचेवर मोबाईल. म्हणजे प्रत्येक पानाचे अंतर सारखे राहते आणि हात हलत नाही. पान उलटण्याआधी मऊ कुंचल्याने धूळ झाडायची. ओले पान ओढून सोडवायचे नाही, सावलीत वाळू द्यायचे. प्रत्येक फोटोला वहीचे नाव आणि पानाचा आकडा द्यायचा, नाहीतर शंभर फोटोंत कोणते कुठले ते आठवड्याने आपल्यालाच कळत नाही. आणि सगळे दोन ठिकाणी ठेवायचे, कारण मोबाईल पाण्यात पडतोच.

फोटो काढले म्हणजे झाले असेही नाही. फोटोतला शब्द शोधता येत नाही. छापील पानावरची अक्षरे यंत्र ओळखते, पण जुना टाइप आणि जोडाक्षरे आली की ते अडखळते. हाताची अक्षरे तर फार कमी ओळखते. म्हणून मराठी विकिस्रोतावर स्वयंसेवक एकेक पान वाचून टाइप करतात. तपासायचे पान लाल, एकाने तपासले की पिवळे, दुसऱ्याने पडताळले की हिरवे. मी शिक्षिका असल्याने हा वही तपासण्याचा प्रकार मला फार आवडला. आपल्या साप्ताहिकांचीसुद्धा गंमत आहे. १९९०च्या दशकात अंक संगणकावर जुळवले गेले, तेव्हा सगळ्यांना वाटले की आता अक्षर अमर झाले. ते फॉन्ट आज नसतील तर फाईल उघडल्यावर नुसती कोंबडीच्या पायांची रांगोळी दिसते. छापलेला अंक ज्याने जपला, त्याच्याकडेच तो मजकूर वाचता येतो.

बाबासाहेबांच्या लिखाणाचेच पाहा. 'मूकनायक' १९२० साली निघाला, 'बहिष्कृत भारत' १९२७ साली. त्या अंकांचे कागद जपणाऱ्यांनी जपले, वसंत मून यांच्यासारख्यांनी गोळा केले, म्हणून शासनाचे खंड निघू शकले. पहिला खंड १४ एप्रिल १९७९ रोजी आला. मग खंड मिळेनासे होण्याचे दिवसही आले. २०२१ साली छपाईच्या दिरंगाईची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती. भावजींनी चर्नी रोडला रांगेत उभे राहून घेतलेले तीन खंड घरात आहेत. बाकीचे भाचीच्या मोबाईलवर आहेत, कारण इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे होते. बाबासाहेबांचे हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून तसे झाले.

"मग आपल्या आजोबांची गाणीसुद्धा आपण नेटवर टाकू," भाची म्हणाली.

आजी कडाडल्या. "नाही टाकायची!"

त्यांचे म्हणणे असे की, वर्गणीच्या वहीत कोणी किती दिले आणि कोणी काही दिले नाही ते नावानिशी लिहिले आहे. ती माणसे आज म्हातारी आहेत, त्यांची नातवंडे शेजारी राहतात. बैठकांच्या वहीत भांडणे आहेत. आणि गाणी? "उद्या कोनी गाऊन कॅसेट काढंल आन् सोताचं नाव लावंल." कॅसेटचा जमाना गेला, हे त्यांना कोणी सांगितले नाही, कारण मुद्दा खरा होता. बहिणीने खुंटीवरची पिशवी दाखवली. तिच्यावर वारली चित्र छापलेले होते, बाजारातून साठ रुपयांना आणलेले. याच जिल्ह्यातल्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशनाची नोंदही मिळाली. तरी त्या साठ रुपयांतला किती पैसा पाड्यावर गेला असेल, याचा हिशोब बहिणीला माहीत होता.

मला दोन्ही बाजू पटत होत्या. माझे मत मी दिले ते असे, की फोटो सगळ्याचे काढावेत, कारण पाऊस कोणाला विचारून येत नाही. पण काढणे वेगळे आणि उघडे करणे वेगळे. वर्गणीची आणि बैठकांची वही घरातच राहावी. गाण्यांचे आजींनी ठरवावे. कायद्यानेही साठ वर्षे तो हक्क वारसांचाच आहे. आजी म्हणाल्या, "बघू." विषय तिथे थांबला.

तिसऱ्या दिवशी आम्ही सोपाऱ्याला गेलो. आजी गुडघ्यांमुळे आल्या नाहीत. बोईसरहून विरार, तिथे गाडी बदलून नालासोपारा. पश्चिमेला उतरून रिक्षाने स्तूप. शेजारी वस्तीची गडबड आणि मधेच विटांचा तो गोल उंचवटा. लोक त्याला पूर्वी बुरुड राजाचा कोट म्हणत. १८८२ साली एप्रिल महिन्यात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला. भाचीने त्यांचा त्याच वर्षीचा लेख उघडला होता. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या जर्नलमधला हा लेख आता कोणालाही वाचता येतो. ती एक परिच्छेद वाचे, मराठीत सांगे, आणि आम्ही दोघी त्या जागेकडे पाहत असू. मध्यावर दगडी करंडक मिळाला. आत आठ लहान कांस्यमूर्ती, तथागतांसह सात बुद्धांच्या आणि आठवी मैत्रेयाची. मधे एकात एक पेट्या: तांब्याची, चांदीची, दगडाची, स्फटिकाची आणि सर्वांत आत सोन्याची. सोन्याच्या पेटीत मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे. ते तथागतांच्या भिक्षापात्राचे असावेत असे भगवानलालांना वाटले. शिवाय सोन्याची फुले आणि यज्ञश्री सातकर्णीचे एक चांदीचे नाणे.

हे सगळे मुंबईला एशियाटिक सोसायटीत गेले. त्याच गावात भाटेळा तळ्याजवळ सापडलेला सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. १९५६ साली जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचाही तुकडा मिळाला. सोपाऱ्यात राहिल्या त्या विटा. वस्तू गेल्या त्या गेल्या, पण त्या मिळाल्या कशा, कुठल्या थरात, कोणत्या क्रमाने, ही हकिकतसुद्धा शंभर वर्षे ग्रंथालयांच्या कपाटांत होती. ती तरी आता त्याच जागी उभे राहून वाचता येते. आठव्या लेखात अशोक काय सांगतो हे वाचून मला हसू आले. पूर्वीचे राजे शिकारीच्या सहलींना जात. मी मात्र राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी संबोधीला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. त्यांत श्रमण-ब्राह्मणांची भेट, वृद्धांना दान, आणि खेड्यातल्या लोकांशी बोलणे. प्रवासवर्णनच म्हणायचे हे, दगडावरचे.

भाचीने मग तिथेच गवतावर बसून आणखी एक गोष्ट केली. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने सगळे पाली तिपिटक संगणकावर आणले आहे. १९९०च्या दशकात ते सीडीवर वाटले जाई, आता संकेतस्थळावर देवनागरीतही फुकट वाचता येते. तिने 'सुप्पारक' हा शब्द शोधला. उदान ग्रंथातले बाहियाचे सुत्त निघाले. झाडाची साल नेसणारा बाहिय सुप्पारकला समुद्राकाठी राहत होता. लोक त्याला मान देत, पण आपण खरेच मुक्त झालो आहोत का, याची त्याला शंका आली आणि तो थेट श्रावस्तीला निघाला. तथागत भिक्षेला निघाले होते. त्याने वाटेतच तीनदा विनंती केली आणि थोडक्या शब्दांत उपदेश मिळवला. थोड्याच वेळात एका गाईने मारल्यामुळे तो गेला. सोपाऱ्याचा माणूस, आणि मी पासष्ट वर्षांची होईपर्यंत मला त्याचे नाव माहीत नव्हते.

रात्री घरी आलो तेव्हा आजी जाग्या होत्या. गाण्यांची वही त्यांच्या मांडीवर होती. त्यांना वाचता येते, पण सावकाश, बोट ठेवून. त्यांनी भाचीला जवळ बसवले आणि एकेक गाणे वाचायला लावले. शेवटच्या कडव्यात आजोबांचे नाव येई, तिथे त्या मान हलवीत. चाळिसाव्या पानावर एक छोटे गाणे आले. त्यात नाव नव्हते. भाची पुढे वळणार तोच आजींनी पानावर हात ठेवला.

"हे त्यांचं नाही. हे माझं हाय. दळताना म्हनलं होतं, त्यांनी लिहून घेतलं."

घरात कोणालाच हे माहीत नव्हते. भावजी उठून बसले. "आई, कधी बोलली नाहीस?" आजी म्हणाल्या, "कोनी इचारलं?"

भाचीने पेन्सिल काढली, पानाच्या कडेला आजींचे नाव, माहेरचे गाव आणि अंदाजाने साल लिहिले आणि मग फोटो काढला. हे एक गाणे टाकायला आजींनी परवानगी दिली आहे. बाकीच्यांचे त्या एकेक करून सांगणार आहेत. मी निघाले तेव्हा वहीची बासष्ट पाने झाली होती. चिकटलेली सात पाने अजून सावलीत वाळत होती.